काडी मोडली न्हाई

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज ऑफिसात जत भागातली एक बाई आली होती. जयराज सर कोर्टात जायच्या आधी थोडा वेळ माणसं बघतात आणि मी बाजूच्या टेबलावर टाइप करत असते, त्यामुळे सांगली जिल्ह्यातली निम्मी भांडणं माझ्या कानावरून जातात. प्रश्न ठरलेले. पोटगी कधी सुरू होते, पोरगं कुणाकडं राहतं, नोटीस न देता कामावरून काढलं तर काय करायचं. उत्तरं मला पाठ झालीत. सर फोनवर असले तर मीच देऊन टाकते.

या बाईचा नवरा म्हणतो, आपली पंचांपुढं काडीमोड झाली, आता पोटगी विसर. सर तिला म्हणाले, "मोडली म्हणतो ना तो? मग सिद्धही त्यानंच करायचं. तुमच्यात ही चाल पिढ्यान् पिढ्या आहे, अजून चालू आहे, अमक्याची मोडली, तमक्याची मोडली, हे सगळं माणसं उभी करून दाखवावं लागतं. नुसत्या बोलण्यावर कोर्ट विश्वास ठेवत नाही. त्याला नाही दाखवता आलं, तर तुम्ही अजून त्याच्या बायकोच."

माझी बोटं थांबली. सरांना वाटलं लाईट गेली.

माझीही काडी मोडलेली आहे. बिरोबाच्या देवळापुढं, पंच म्हणून दादासो बसलेले, गवताच्या काडीचं एक टोक धनाजीच्या हातात आणि एक माझ्या. मी टायपिंग करून खोलीभाडं भरायचे आणि हा अकादमीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. रात्री डोकं दुखतं म्हणून त्याचं कपाळ चेपलंय मी. नोकरी लागली, मेढ्याला पोस्टिंग मिळालं, आणि वर्षाच्या आत साहेबांना बायको अडाणी वाटायला लागली. चारचौघांत म्हणाला, हिला बोलायचं वळण नाही. मग मीच काडी ओढली, राग आला म्हणून. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, तेव्हाही मी गिळलं. मला वाटत होतं, मोडलं ते मोडलं.

म्हणजे मोडलेलंच नाही. मी अजून त्याची बायको आहे, आणि तो सरकारी नोकर आहे. किती दिवसांनी आज पोटभर जेवले.

१२ नोव्हेंबर

सरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, सरकारी नोकरानं पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं तर काय होतं. सर फायलीतून मान वर न करता म्हणाले, "नोकरी जाते."

जेल नको मला. जेलातून माणूस सुटून येतो आणि चार लोक त्याची कीव करतात. नोकरीच पाहिजे. माझ्या बोटांवर उभी राहिलेली नोकरी आहे ती, माझ्याच बोटांनी काढून घेणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

आटपाडीला वस्तीवर जाऊन आले. आई दारात शेंगा फोडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली.

"मोडली ती मोडली, माये. आता त्येचं त्येला लखलाभ."

"आगं पण कायद्यानं मोडलीच न्हाई."

"बिरोबाच्या म्होरं मोडली न्हवं? मग कायदा तितं काय करतोय?"

आईला असंच वाटणार. तिची स्वतःची काडी मोडलेली. अगदी पोरवयात माण तालुक्यातल्या बिरदेव नावाच्या माणसाला दिली होती, तो दारू पिऊन मारायचा. आजोबांनी पंच बसवून काडी मोडून घेतली, आणि मग तिचं लग्न आप्पांशी, म्हणजे फौजेतल्या जोतीराम हवालदाराशी झालं. आप्पा सुट्टीवर आले की तिला सायकलवर पुढं बसवून बाजारला न्यायचे, लोक हसायचे. तिच्या आयुष्यात काडी मोडल्यामुळे चांगलं झालं, म्हणून तिला काडीचं कौतुक. माझं तसं नाही. तिचा जमाना वेगळा होता.

निघताना म्हणाली, "त्येच्या पोटावर मारून तुजं प्वाट भरणार हाय का?" मी म्हटलं, भरणार हाय.

२५ नोव्हेंबर

तक्रार गेली. त्याच्या खात्याच्या साताऱ्याच्या वरिष्ठांकडे, रजिस्टर पोस्टानं. मसुदा मीच केला आणि सरांना दाखवला. सरांनी दोनदा वाचला.

"तुमच्या समाजात काडीमोडीची चाल नाही, असं तू इथं लिहिलंयस. ठेवू?"

"ठेवा."

"खरंच नाही? कधीच कुणाची मोडलेली नाही?"

"पूर्वी असेल सर. आता नाही."

"'आता नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो, माया. हे तुला पुढं शपथेवर सांगावं लागेल. आणि तो त्याची माणसं आणणार."

मी म्हटलं, आणू दे. सर चांगले आहेत, पण त्यांना समोरच्या पार्टीचा विचार करायची खोड आहे.

१० जानेवारी २०२५

निलंबित. चौकशी पूर्ण होईपर्यंत मेढ्यात रोज हजेरी लावायची आणि काम काही नाही. त्याच्याच ऑफिसातल्या एकानं फोन करून सांगितलं. धनाजीनं तिथंही बरीच माणसं दुखावलेली दिसतात.

हळदीच्या मार्केटाजवळून चालत आले. हंगामाची नवी हळद यायला लागली आहे, नाकात वास बसतो. गरम जिलेबी घेतली आणि रस्त्यातच उभी राहून खाल्ली. आपल्याला हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना सगळे बघतात, हे त्याला रोज सहन करावं लागणार. जिलेबी संपल्यावर आणखी घेतली.

२१ फेब्रुवारी

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

सर कोर्टात होते. एक तरणी बाई मांडीवर पोर घेऊन बाकावर बसली होती. मी नेहमीसारखं विचारलं, काय काम आहे.

"मालक सस्पेंड हाईत. नोकरी गेली तर परत लागतीय का?"

मी सांगितलं की निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, पण चौकशीत दोष सिद्ध झाला तर बडतर्फी होते, आणि बडतर्फ झालेल्याला पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही. पेन्शनही नाही. मग विचारलं, काय केलंय त्यांनी?

"माज्यासंगं लगीन केलंय." मग ती नीट बघायला लागली. "तुमीच मायाताई न्हवं?"

ती सोनिया होती, धनाजीची दुसरी. मेढ्याहून एसटीनं, पोराला घेऊन, मला बघायला आली होती. फोटोत वाटते तेवढी गोरी नाही. मी खुर्ची मागं घेतली आणि हात टेबलावर ठेवून बसले. हा दिवस यावा म्हणून मी किती वाट बघितली होती.

"मला सांगितलं हुतं, काडी मोडल्या. माज्या बानं दादासोला इचारूनच दिली मला. तुमी त्यांच्या बायकू असाल तर मग मी कोण, ताई?"

"कायद्यानं कोणी नाही," मी म्हटलं.

"आन ह्यो?"

"मूल कायदेशीर. लग्न रद्द धरलं तरी मुलावर दोष येत नाही."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्यांची उत्तरंही तयार होती. तिनं फक्त पाणी मागितलं, पोराला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली. जाताना म्हणाली, "तुमी सरळ सांगितलंसा. आमच्यात कुणी सांगंना झालंय."

दिवसभर टायपिंगमध्ये चुका झाल्या. ती रडली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

साताऱ्यात माझा जबाब झाला. शपथेवर सांगितलं: आमच्यात काडीमोड चालत नाही, माझं लग्न कायम आहे, नवऱ्यानं दुसरं केलं. चौकशी अधिकारी शांत माणूस आहेत, एकेक शब्द लिहून घेतात.

बाहेर व्हरांड्यात धनाजी उभा होता. वाळलाय. दाढीत पांढरं दिसायला लागलंय.

"काडी तूच वढलीस की गं. माज्या हातात अर्दी ऱ्हायली."

"सिद्ध कर."

"तुला म्हाईत हाय ती मोडली. मला म्हाईत हाय. बिरोबाला म्हाईत हाय."

"बिरोबाला साक्षीला बोलव मग."

तो हसला नाही. म्हणाला, "कुणाला तरी बोलवाय लागंल." येताना बस उंब्रजला चहाला थांबली, पण मी उतरले नाही. त्याचा चेहरा डोळ्यांपुढं धरून तशीच बसून राहिले. फार बरं वाटत होतं.

३ जून, मंगळवार

बचावाच्या साक्षीदारांची यादी आली. एक, पंच दादासो. दोन, श्रीमती हरणाबाई जोतीराम, रा. वस्ती, ता. आटपाडी.

माझी आई. मेल्यानं माझ्या आईला साक्षीला घातलंय.

सरांनी दुसऱ्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुझ्या आईची काडीमोड झालेली आहे?"

"आप्पांच्या आधी. लय जुनी गोष्ट आहे."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"पूर्वी असेल म्हटलं होतं की, सर."

सरांनी चष्मा काढला. "नीट ऐक. चाल सिद्ध करायला त्याला उदाहरण पाहिजे होतं. तुझ्या आईपेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? ती म्हणाली, माझी काडी मोडली आणि मग मी दुसरं लग्न केलं, की धनाजी सुटला. आणि ती म्हणाली, आमच्यात काडी मोडत नाहीत, तर तिचं पहिलं लग्न मोडलंच नाही. मग तुझ्या वडिलांशी लग्न झालं ते काय झालं? तुला काही होत नाही, तू कायदेशीरच. पण ती जोतीरामांची विधवा राहत नाही. फौजेची फॅमिली पेन्शन तिला विधवा म्हणून मिळते. तो पहिला नवरा आहे का अजून?"

"आहे. मेंढरं राखतो."

"तक्रार मागं घे, माया. अजून वेळ आहे."

मागं घ्यायची? म्हणजे धनाजी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत जाऊन बसणार, आणि सगळं मेढा म्हणणार, पहिलीच खोटारडी होती. सर पुरुष आहेत. त्यांना हे कळायचं नाही.

८ जून, रविवार

आईला समजावून आले. समन्स तिला आधीच मिळालं होतं, देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

"आई, तू जाऊ नगंस. आजारी हाय म्हणून कळवू."

"मला काय झालंय आजारी पडाया?"

मग म्हटलं, जायचंच असेल तर एवढंच सांग, बिरदेवाशी माझं लग्नच झालं नव्हतं. कागद कुठं आहे त्याचा? कुणी विचारणार नाही.

"हळद लागलीया मला त्येच्या नावाची. ती न्हाई लागली असं कसं सांगू? त्यो जित्ता हाय अजून."

"मग काडी मोडली न्हाई असं सांग. आमच्यात मोडत न्हाईत म्हण. तेवढंच पुरं."

आई माझ्याकडं बघत राहिली. "आन तुजा आप्पा?"

"आप्पा गेले, आई. त्यांना आता काय फरक पडतोय? मी हाय की जित्ती. माज्यावर जे झालं त्याचं कुणी काही करायचंच न्हाई का?"

असं म्हणून मी रडले. मुद्दाम नव्हे, पण रडू आलं ते थांबवलंही नाही. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांत तेल घातलं, लहानपणी घालायची तसं. मग म्हणाली, "तुला तेवढंच पायजे न्हवं? सांगते."

२४ जुलै, गुरुवार

आधी दादासोंची साक्ष झाली. त्यांना विचारलं, किती जणांच्या काड्या मोडल्या, नावं सांगा. म्हातारा गोंधळला. जी नावं सांगितली ती माणसं मेलेली, नाहीतर गाव सोडून गेलेली. शेवटी म्हणाले, "ही बसलीय की हरणा. हिचीच मोडली हुती. माज्या बानं मोडली."

मग आईला पुढं बोलावलं. तिनं आप्पांनी आणलेलं चॉकलेटी लुगडं नेसलं होतं. धनाजीच्या बाजूनं बोलणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "हरणाबाई, तुमचं पहिलं लग्न बिरदेवशी झालं होतं?"

"झालं हुतं."

"ते पंचांसमोर काडी मोडून संपलं, बरोबर?"

"काडी मोडली न्हाई."

दादासो उठून उभे राहिले, त्यांना खाली बसवलं. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, मग जोतीरामांशी लग्न कसं झालं?

"झालं न्हाई. तशीच ऱ्हायले त्येच्याजवळ."

चौकशी अधिकारी लिहायचे थांबले. "आजी, हे तुमच्या सहीनं कागदावर राहणार आहे. कळतंय ना?"

"लिवा."

तिला सही येते, आप्पांनी पत्रातून शिकवली होती. तिनं हरणाबाई लिहिलं आणि पेन उचललं. अधिकारी म्हणाले, पूर्ण नाव लिहा. आई म्हणाली, "पुडं काय लावायचं ते तुमीच सांगा, सायेब." त्यांनी नुसत्या हरणाबाईवरच कागद घेतला.

धनाजी खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला कळलं, आपण संपलो. मी सांगितलं होतं त्यापेक्षा आईनं भारी काम केलं. बिरदेवाशी लग्नच झालं नव्हतं म्हटली असती तर दादासोंनी दहा माणसं आणली असती. हे मात्र कुणाला खोडताच येणार नाही. येताना तिला उसाचा रस पाजला. वाटभर ती पदर डोळ्यांवर ओढून बसली होती, दमली असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

आईच्या डोक्यावर परिणाम झालाय का, कळत नाही.

वस्तीवर गेले तर ती दारात उभी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. आप्पा गेल्यापासून तिचं कपाळ कधी तसं बघितलं नव्हतं. शेजारची साळूबाई कुंपणापलीकडून तोंडाला पदर लावून बघत होती.

"आई, हे काय?"

"का? दाल्ला जित्ता हाय की माजा, बिरदेव. म्हसवडकडं मेंढरं हाईत त्येची."

"आगं ते कागदावरचं झालं."

"तुजं बी कागदावरचंच हाय. त्यावरच चाललंय न्हवं समदं?"

फौजेची पेन्शनही तिनं काढलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, परक्या बाप्याचं कसं खायाचं. मी चिडले. म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, साताऱ्यात काय म्हणायचं ते तू सांगितलंस, हितं काय म्हणायचं ते लोक सांगत्यात, मला बसल्या बसल्या आपलं बरं हाय. मग भाकरी थापायला गेली. बांगड्यांचा आवाज येत होता.

माझ्यावर राग काढतेय. थोडे दिवस गेले की निवळेल.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आरोप सिद्ध. बडतर्फीची शिफारस झाली, आता फक्त वरची सही बाकी आहे. मेढ्याचा तोच माणूस फोनवर सांगत होता, आज दुपारीच धनाजीनं टेबलाचा ड्रॉवर रिकामा केला. सोनिया माहेरी गेली म्हणे.

सरांना सांगितलं. ते "हं" म्हणाले आणि पुढचा मसुदा दिला. कुठल्याशा कारखान्यातल्या कामगाराला नोटीस न देता काढलंय.

मी जिंकले. उद्या जिलेबी आणीन म्हणते. आज नको वाटली.

१४ सप्टेंबर, रविवार

आज आप्पांचा म्हाळ. पितृपक्षातल्या अष्टमीला आई दरवर्षी घालते, पहाटेपासून राबते, आणि पान वर ठेवल्याशिवाय कुणाला घोटभर चहा देत नाही. मी पहिल्या गाडीनं गेले. चूल थंड. आई कुंकू लावून, वेणी घालून, कालच्या भाकरीला चटणी लावून खात बसली होती.

"आई, आज म्हाळ हाय."

"व्हय. तू घाल की, तुजा बाप हाय."

"आन तू?"

"मी कोण? तशीच ऱ्हायलेली बाई म्हाळ घालती व्हय?"

मीच केलं सगळं. आप्पांना आवडायची ती गवारीची भाजी करपली. पान कौलावर ठेवलं. खाली आले तर आई दुसरी भाकरी घेऊन बसलेली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्यापुढं जमिनीवरच बसले.

"आई, धनाजीची नोकरी गेली."

"तुज्या मनासारखं झालं मग."

"झालं. आता ते कुंकू पुस. मी साताऱ्याला जाते, लिहून देते, आई खोटं बोलली, मीच सांगितलं होतं. काडी मोडली होती म्हणून सांगते. अजून वर सही झालेली न्हाई. ऐकतील."

आईनं घास खाली ठेवला. तिच्या तोंडावर किती दिवसांनी काहीतरी हललं.

"खरंच जाशील?"

"जाते."

"मग धनाजी कामावर जाईल की परत."

मी तोंड उघडलं. 'जाऊ दे' एवढंच म्हणायचं होतं. पण मला तो इस्त्रीच्या शर्टात दिसला, त्या खुर्चीत टेकून बसलेला, आणि 'हिला बोलायचं वळण नाही' म्हणणारा तो आवाज ऐकू आला. आई वाट बघत होती. मी तिच्याकडं बघायचं टाळून चुलीतली राख सारखी करत राहिले.

आई उठली. हात धुतले, पुसले. भिंतीवरचा वर्दीतला आप्पांचा फोटो काढला, पदरानं काच पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो घिऊन जा तुज्याकडं. परक्या बाप्याचा फटू घरात बरा दिसत न्हाई."

येताना एसटीला गर्दी होती. सांगलीपर्यंत उभी राहून आले, फोटो छातीशी धरून. कंडक्टरनं विचारलं, कोण हे? मी म्हटलं, वडील.